मातीला मार्क द्या, फाइलला नको

पहिल्या आठवड्यात पोरांनी मातीची २२ डोकी केली आणि पुढच्या सोमवारी कुलूप उघडलं तर त्यातली १९ फुटलेली. कुणाचं नाक खाली टेबलावर पडलंय, कुणाच्या कवटीला वरपासून हनुवटीपर्यंत अशी भेग की आत बोट जाईल, आणि एका पोरीच्या डोक्याचा तर मागचा अर्धा भाग सरळ गळून गेलेला, आत कोंबलेला पेपर दिसतोय, त्यावर कुठल्यातरी कोचिंग क्लासची जाहिरात. पोरं दारातच थांबली. कुणी हसलं नाही, कुणी हळहळलंही नाही. मागून एक जण म्हणला, "सर, आता मार्क?"

ह्या "आता मार्क?" वरच लिहायचंय मला.

मी शाळेत ड्रॉइंगचा मास्तर. वीसेक वर्षांपूर्वी आर्ट स्कूलच्या फाउंडेशनला असताना मूर्तिकाम केलं होतं, नंतर पोटापाण्यासाठी एटीडी, म्हणजे ड्रॉइंग मास्तरचा डिप्लोमा, केलं आणि शाळेत लागलो, त्यामुळे हातात माती तशी जुनी. मागच्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या एका कॉलेजने बोलावलं (नाव सांगत नाही, सगळी ओळखीचीच माणसं आहेत, आणि खरं तर नाव कुठलंही टाका, गोष्ट हीच निघेल). नवीन शैक्षणिक धोरण आमच्याकडच्या कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झालं, त्यात बीए, बीकॉम, बीएस्सी सगळ्यांनाच आपल्या विषयाबाहेरचं काहीतरी घ्यावं लागतं, ओपन इलेक्टिव्ह म्हणा, स्किलचं म्हणा, को-करिक्युलर म्हणा. कॉलेजला कलेचं काहीतरी दाखवायचं होतं म्हणून त्यांनी मूर्तिकला असा २ क्रेडिटचा पेपर टाकला. ३४ पोरांनी फॉर्म भरला. का भरला विचारलं तर बाकीचं फुल झालं होतं, नाहीतर मैत्रिणीने भरला म्हणून. एकाने खरं सांगितलं, "सर, ह्याला लेखी नाहीये असं कळलं." रेग्युलर येणारी बावीस-तेवीस.

खोली मिळाली ती सायकल स्टँडच्या मागची, जिमखान्याचं मोडकं सामान ठेवायची. लाइट होता, पंखा होता, नळ नव्हता. मातीकामाच्या खोलीत नळ नाही म्हणजे स्वयंपाकघरात चूल नाही असं म्हणलं तरी चालेल, पण ऑफिसला ते पटत नव्हतं, बादलीने आणा म्हणले. आणि माती कुठून आणायची हा प्रश्न तर त्यांनी अर्ध्या मिनिटात सोडवला, मागं पटांगणाला लागूनच शेत आहे, मातीला काय तोटा आहे का आपल्या खानदेशात.

तोटा नाही, पण ती काळी माती आहे ना भो. कपाशीला सोनं, डोक्याला नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, उन्हाळ्यात शेतात वासराचा पाय अडकेल अशा भेगा पडतात त्या ह्याच्यामुळे. पोरांच्या कवटीत आत तारेचा आणि काठीचा सांगाडा, म्हणजे आर्मेचर, ते काही आक्रसत नाही, त्यामुळे माती त्याच्याभोवती आवळत जाते आणि मग फुटते. आता ह्यात चूक माझीपण होती, शनिवारी निघताना ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक गुंडाळायचं असतं, आर्मेचरवरची माती साचा निघेपर्यंत वाळूच द्यायची नसते, हे मला माहीत असून मी घाईत विसरलो. ते मी पोरांना सांगूनही टाकलं. वर्गातल्या निम्म्यांच्या घरी शेती, ही भेग त्यांनी जन्मापासून बघितलेली, पण ती इथं भेटेल असं कुणाला वाटलं नव्हतं. एक बीएस्सीची पोरगी मात्र म्हणली, सर हे मॉन्टमोरिलोनाइटमुळे ना, मागच्या सेमला आम्ही लिहिलं होतं. हो म्हणलं, काळ्या मातीतलं फुगणारं खनिज, तेच.

मग गावातल्या मूर्तिकार नानांना घेऊन आलो. सत्तरीचा माणूस, घरात तीन पिढ्या गणपती-देवीचं काम. त्यांनी ती फुटकी डोकी बघितली आणि एकदम खूश झाले, लहान पोरासारखं एकेक उचलून बघायला लागले. म्हणले, "माटी शे ती, सिमेट नही. तिले दोन दिन पानी पिऊ द्या." मग त्यांनी सांगितलं तसं सगळं नव्याने केलं. माती भिजवली, चाळली, नदीचा पोयटा मिसळला, आणि कापूस पिंजून त्यात टाकला, तोही घरचाच, कारण कापसालापण तोटा नाही आपल्याकडे. मग ती पायाने तुडवायची. पोरींनी सलवारी वर केल्या, पोरांनी पँटी, आणि त्या दिवशी त्या खोलीतून जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या वर्गावरचे सर दोनदा बघून गेले. शाडू आणा असंही काहींनी सुचवलं होतं पण ती गुजरातहून येते, विकत घ्यावी लागते, आणि मला वाटतं सुरुवातीला पोरांनी आपल्या पायाखालची माती ओळखलेली बरी.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं असं आहे की ज्या कॉलेजात मूर्तिकला हा पेपर चालू आहे तिथं मार्क द्यायची पद्धत आहे तशी ठेवायची असेल तर तो पेपर बंद करा. आणि ठेवायचाच असेल तर मार्क मातीला द्या, म्हणजे पोराने किती वेळा मोडलं, का मोडलं, परत कसं उभं केलं ह्याला द्या. फाइलला नको आणि शेवटच्या गुळगुळीत मूर्तीलाही फार नको.

एवढं कडक का बोलतोय ते सांगतो.

डोळ्यांचंच घ्या. पहिल्यांदा डोकं करणारा प्रत्येक माणूस डोळे फार वर काढतो, कपाळ संपतं तिथं. नंतर कान पण वर जातात, आणि मग त्या डोक्याला मेंदूला जागाच राहत नाही. मी सांगितलं डोळे बरोब्बर मध्यात येतात, टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजा आणि अर्धं करा. कुणाचा विश्वास नाही. "सर, असं कसं, एवढं कपाळ असतं का?" मग दोघादोघांना समोरासमोर बसवलं आणि पेन धरून मोजायला लावलं. एका पोराने पाच जणांची डोकी मोजली, मग शिपायाचं मोजलं, मग मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढून त्यावर बोट ठेवून मोजलं, आणि मग गप्प बसला. केस असतात त्या भागाला आपण डोकं धरतच नाही, चेहरा म्हणजेच डोकं असं आपल्याला वाटतं. पुढचे दोन तास त्या पोराने स्वतःच्या हाताने केलेले, बऱ्यापैकी जमलेले डोळे पट्टीने खरवडून काढले आणि खाली घेतले. हे जे झालं ना, चांगलं दिसत असलेलं पण चुकीचं असलेलं काम स्वतःच्या हाताने मोडायचं, ते त्या पोराला पंधरा वर्षांच्या शिक्षणात कुणी करायला लावलं नव्हतं. आपल्याकडे चुकलं की खोडायचं, नाहीतर पान फाडायचं, आणि मास्तरला फेअर वही दाखवायची.

पण त्या दोन तासांना माझ्याकडच्या मार्कांच्या तक्त्यात कॉलमच नव्हता.

तक्ता असा होता. २ क्रेडिट म्हणजे ५० मार्क. २० इंटर्नल, त्यात हजेरी आणि रेकॉर्ड बुक. ३० एक्स्टर्नल, त्यातले २० तयार मूर्तीला आणि १० तोंडीला. रेकॉर्ड बुकात काय, तर मूर्तिकलेची व्याख्या, प्रकार, साधनांच्या आकृत्या, नावं दिलेल्या. म्हणजे वायर टूलचं चित्र काढून त्याला बाण करून "वायर टूल" असं लिहायचं, समोर टेबलावर वायर टूल पडलेलं असताना. पोरांनी एकाची फाइल घेऊन वर्गभर फिरवली हे सांगायला नको.

माझ्या वर्गात एक पोरगा होता कुंभाराच्या घरचा. पहिले तीन आठवडे हे मला माहीतच नव्हतं, कारण तो मागच्या बाकावर बसून इतरांसारखीच वेडीवाकडी माती लावायचा, मुद्दाम. नाना आले त्या दिवशी त्यांनी त्याला ओळखलं आणि सगळ्यांसमोर बोलले, अरे तू तर अमक्याचा ना, आणि पोरगा कानापर्यंत लाल झाला. नंतर त्याने सांगितलं की घरी हा विषय घेतल्याचं कळल्यावर वडील म्हणले होते, "कॉलेजमा जाईसन बी माटीच करशी का?" त्या माणसाचं चूक नाही. त्याने आयुष्यभर चाक फिरवून पोराला कॉलेजात कशासाठी पाठवलं, तर ह्यातून सुटावा म्हणून. आणि दुसऱ्या टोकाला, वर्गातल्या बऱ्या घरच्या दोन पोरींच्या आयांनी फोन करून विचारलं की हे कुंभारकाम कॉलेजात कशाला, नखं खराब होतात. म्हणजे ज्यांच्या हातात कला आहे त्यांना ती लपवायची आहे आणि ज्यांच्या नाही त्यांना ती खालची वाटते. मूर्ती घरात आली की तिला पाट, आसन, आरती, आणि मूर्ती करणाऱ्याला ओसरीवरच चहा. हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे आणि ते एका पेपरने जाणार नाही, पण निदान त्या पेपरने ते वाढवू तरी नये.

आता त्या कुंभाराच्या पोराने सेमभर काय केलं बघा. बसलेली शेळी करायला घेतली. शेळी सोपी वाटते, नाहीये. बसलेल्या शेळीची मान जिथून वळते तिथं सगळं वजन जमा होतं आणि आत तार बारीक असली की मान दुसऱ्या दिवशी खाली. पहिली त्याने स्वतः मोडली. दुसरी पडली. तिसऱ्यांदा त्याने आर्मेचर बदललं, मानेत लाकडाच्या दोन चिपाट्या क्रॉस बांधून लटकवल्या, बटरफ्लाय म्हणतात त्याला, माती त्याच्यावर अडकून राहते, खाली सरकत नाही. हे त्याला मी शिकवलं नव्हतं, त्याने नानांच्या कारखान्यात जाऊन बघितलं. परीक्षेच्या दिवशी ती शेळी ओली होती, एक मागचा पाय अजून तारच होता. पण ती बसलेली होती हो. अंगाचं ओझं जमिनीवर सोडून, शेळी रवंथ करताना बसते तशी.

एक्स्टर्नल म्हणून आलेले सर दुसऱ्याच विषयाचे. भला माणूस, मी त्यांना दोष देत नाही, त्यांना फाइल वाचता येते म्हणून त्यांनी फाइल वाचली आणि मूर्ती पूर्ण आहे का नाही तेवढं बघितलं. शेळीपुढे "अपूर्ण" असा शेरा. ३० पैकी १२. माझ्याकडचे १७ धरून २९. आणि त्याच्याच मागे उभा असलेल्या दुसऱ्या एकाला ३० पैकी २८, कारण त्याच्याकडे एक सुंदर, रंगवलेला, डोळे आखलेला फूटभराचा गणपती होता, जो त्याने आदल्या संध्याकाळी विकत आणला होता. मला कसं कळलं? गणपतीच्या पाटाखाली पेन्सिलने किंमत लिहिलेली होती, पुसायची राहिली. मी एक्स्टर्नलना सांगितलं. ते म्हणले, सर आता कुठं वाढवता, पोराचं वर्ष आहे. माझे १४ धरून त्याचे झाले ४२.

२९ आणि ४२. ह्यातून दोघांनाही बरोबर कळलं की कॉलेजात कशाला किंमत आहे. पाटाखाली लिहिलेलीच होती म्हणा.

आता लोक म्हणतील, बरं मग काय, को-करिक्युलरचे दोन क्रेडिट, एवढं काय मनावर घेताय. ह्यावर मला शाळेचं उदाहरण द्यायचंय. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा आपण सगळ्यांनी दिल्यात. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीत ७ मार्क वाढीव, बी ला ५, सी ला ३. माझ्या शाळेत ह्या परीक्षेला झुंबड असते. पालक येऊन विचारतात क्लास कधीपासून. आणि दहावीचा निकाल लागला की त्यातल्या शंभरातल्या दोघांच्याही हातात पेन्सिल राहत नाही, इतकी वर्षं बघतोय मी. मार्क चांगल्या हेतूने ठेवले असतील, पण पोरं मार्क ज्याला आहेत तेच करतात, बाकीचं सोडून देतात. त्यांची हुशारी आहे ती. मग मार्क कशाला ठेवायचे ते आपण हुशारीने ठरवायला नको का?

दुसरा आक्षेप हमखास येतो, ह्याचा उपयोग काय. नोकरी लागते का. नाही लागत. नंदुरबारचे गणपती गुजरातेत, मध्य प्रदेशात जातात, धंदा आहे त्यात, पण एका सेमच्या क्लासने कुणी कारखाना टाकणार नाही, खोटं कशाला सांगू. उपयोग वेगळा आहे. आठवा, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा ३५ फुटी पुतळा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेपण नाही. त्यानंतर सगळे वाऱ्याच्या वेगावर, गंजावर, राजकारणावर तज्ज्ञ झाले. मी तेव्हा कट्ट्यावर बसून मित्रांना विचारत होतो की पुतळा उभा राहतो कशावर, तर कुणाला सांगता येईना. डिग्रीवाले, इंजिनिअरसुद्धा त्यात. पुतळ्याच्या आत काहीतरी सांगाडा असतो, पायातून, घोट्यातून सगळा भार खाली जातो, तो घोटा बारीक ठेवला की दिसायला छान पण धोका वाढतो, ही गोष्ट माझ्या वर्गातली ती पेपर कोंबणारी पोरगी सांगू शकते, कारण तिचं डोकं तिच्या डोळ्यांसमोर पडलंय. आपल्या प्रत्येक चौकात पुतळा होतो, प्रत्येक नगरपालिकेत पुतळ्याचा ठराव येतो, आणि ठरावावर सही करणारे हे असेच बीए, बीकॉम झालेले असणार, आर्ट स्कूलमधले नाहीत. मग त्यांना एकदा तरी मातीत हात घालू दे ना, कॉलेजात आहेत तोवर.

खानदेशी माणसाने तर हे जास्त बोलावं. शिल्पकार राम सुतार आमचे, हे आम्ही धुळ्यात कुणालाही दोन मिनिटांत सांगतो. गोंदूरचे, १९२५ चा जन्म, जे.जे. मध्ये शिकले, १९५३ ला मेयो पदक, पुढे अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि मग १८२ मीटरचा स्टॅच्यू ऑफ युनिटी. सगळं खरं. पण त्यातलं मधलं जे आहे ना, मोडकी शिल्पं दुरुस्त करायची नोकरी, त्यावर कुणी बोलत नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिराचा तुटलेला हात परत बसवायचा तर त्याने तो कसा वळवला असेल ते आधी कळायला लागतं. दुरुस्ती करणाऱ्याला कसं शिकायला मिळतं ते गॅरेजवाल्याला विचारा. आणि कुणी म्हणेल आता सगळं थ्रीडी प्रिंट होतं, हाताने कशाला, तर त्या १८२ मीटरच्या पुतळ्याचंसुद्धा आधी हाताने छोटं मॉडेल झालं आणि मग ते कॉम्प्युटरने मोठं केलं. मशीनला मोठं करता येतं, शेळीची मान कुठून वळते ते आधी कुणीतरी बघावं लागतं.

अजून एक मला फार आवडणारी गोष्ट आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला घाटावर पितळखोरा लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथं एक यक्षाची मूर्ती सापडली, बुटका, पोट सुटलेला, हसरा, डोक्यावर दोन्ही हातांनी पाटी धरलेला, आता दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मीत कोरलंय की हे कान्हदासाने केलं. आणि हा कान्हदास कोण, तर सोनार. दगडाचा यक्ष सोनाराने केला आणि हातावर आपलं नाव, आपला धंदा लिहून ठेवला. लपवलं नाही. जळगावच्या सराफ बाजारातून जाताना मला दर वेळी तो आठवतो. मी वर्गात हे सांगितलं तेव्हा तो कुंभाराचा पोरगा काही बोलला नाही, पण तिसऱ्या शेळीच्या बुडाच्या कडेला त्याने खिळ्याने स्वतःचं नाव कोरलं होतं ते मी बघितलं. एक्स्टर्नलनी वाकून बघितलं नाही.

खर्चाचं बोलतो, कारण प्राचार्य पहिलं तेच बोलतात. माती फुकट, कापूस फुकट, गोणपाट फुकट. तार, काठ्या, थोडं प्लास्टर. माझे खिशातले दोनेक हजार गेले सेमभरात आणि ते मी परत मागितले नाहीत कारण पावत्या लावायचा कंटाळा. खरी अडचण नळाची. प्लास्टरचं काम आम्ही सात जणांनी केलं. वेस्ट मोल्ड म्हणतात, मातीच्या मूर्तीवर प्लास्टरचा साचा घालायचा, पहिला पातळ थर नीळ टाकून निळा करायचा, वर पांढरा जाड थर. आतली माती खोदून, धुऊन काढायची, साबणाचं पाणी लावायचं, परत प्लास्टर भरायचं, आणि मग वरचा साचा छिन्नीने फोडत यायचा. निळा थर दिसला की समजायचं आता खाली आपली मूर्ती आहे, हात हलका करा. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे पोरांना माहीत नव्हतं, एकमेकांचे हात धरून साच्यावर ठेवत होते, ताप आलाय सर ह्याला. आणि पहिल्यांदा "निळं आलं, निळं आलं" अशी आरोळी झाली तेव्हा जे क्रिकेटच्या पिचवर जाऊन बसले होते ते पण पळत आले. तो दिवस मी विसरणार नाही. पण नंतर भांडी, हात धुवायला जागा नाही म्हणून पोरींनी त्यांच्या वॉशरूमचं बेसिन वापरलं, प्लास्टर पाइपात जाऊन बसलं, पाइप चोक, दोन दिवस गोंधळ, आणि तिसऱ्या दिवशी नोटीस की मूर्तिकलेच्या वर्गाने पाणी वापरू नये. पाणी वापरू नये! स्टाफरूममध्ये एकांनी तर वरून मला विचारलं की पीओपीवर बंदी आहे ना हो. सूचना आहेत त्या विसर्जनाच्या मूर्तींसाठी, साच्यासाठी नाहीत, पण तेव्हा माझी समजावून सांगायची इच्छा संपली होती.

मग करायचं काय. मला जे दिसतं ते असं. दोन प्रॅक्टिकल क्रेडिट म्हणजे ६० तास होतात, १५ आठवड्यांना आठवड्याचे ४. ते चार तास सलग द्या, एका दिवशी. आमच्याकडे एकेक तासाचे चार तुकडे होते, माती भिजवून मळेपर्यंत बेल. रेकॉर्ड बुक ठेवायचंच असेल तर त्यात फक्त फोटो लावा, दर आठवड्याला एक, मोबाइल सगळ्यांकडे आहे, काम जसं आहे तसं, पडलं असेल तर पडलेलं, आणि खाली दोन ओळी की का पडलं आणि आता काय करणार. असं केलं की विकत आणलेल्या गणपतीला आपोआप शून्य, कारण त्याचे मधले फोटोच नसणार. आर्मेचरला वेगळे मार्क ठेवा, माती लावायच्या आधी बघून द्या. आणि शेवटच्या कामाला ५० पैकी १० च्या वर नको. दहा पण मी भांडणं नकोत म्हणून ठेवतोय.

शिकवायला कोण, तर गावातला मूर्तिकार. माझ्यासारखा ड्रॉइंग मास्तर सोबत असू दे, हजेरी घ्यायला. नानांकडे डिग्री नाही म्हणून कॉलेज त्यांना पाहुणे म्हणून एक दिवस शाल-श्रीफळ देतं आणि पाठवतं, पण यूजीसीने २०२२ मध्येच प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलंय, ज्याच्या हातात काम आहे त्याला डिग्री नसली तरी शिकवता येईल म्हणून. त्याचाही शॉर्टफॉर्म पीओपीच होतो, स्टाफरूमवाल्यांना आवडेल. आता ते पद कंपन्यांच्या साहेबांना डोळ्यांसमोर ठेवून केलं असेल, मान्य आहे, पण पन्नास वर्षं मूर्ती करणारा माणूस त्यात बसत नसेल तर कोण बसतो ते तरी सांगा. आणि एक बारीक गोष्ट, जी पुण्या-मुंबईला बसून सिलॅबस करणाऱ्यांना कळणार नाही. हा पेपर पहिल्या सेमला ठेवू नका. जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे पोळा, गणपती, गुलाबाई, देवी, सगळं त्यातच, कारखान्यात नानांना जेवायला वेळ नसतो. दुसऱ्या सेमला ठेवा, डिसेंबरपासून. मूर्तिकार मोकळा, कारखाना मोकळा, थंडीत माती पण सावकाश वाळते.

हे सगळं मी कॉलेजला लिहून दिलंय, दीड पान. उत्तर आलं नाही, पण परवा शिपाई भेटला तो म्हणला त्या खोलीजवळ प्लंबर येऊन टेपने माप घेऊन गेला. बघू. नानांना मी विचारून ठेवलंय. त्यांनी पैशाचं नाव काढलं नाही, त्या पोराचं विचारलं, शेळीचा पाय झाला का म्हणून. मी म्हणलं सुट्टीत घरी घेऊन गेला, गोणपाटात गुंडाळून, मोटारसायकलवर मांडीत धरून. नाना म्हणले, "देवी उठन्यात का येसू मी. पन नय लाई ठेवजा." देवी उठल्या की येतो, पण नळ लावून ठेवा.